पहिल्या महायुद्धाच्या पाटीवर शेतकरी का नाही?

माणदेशी: सातारा-रत्नागिरीकडच्या कितीतरी गावांत चावडीवर संगमरवरी पाटी दिसते. 1914-1919 च्या महायुद्धाला गावातून किती गेले, त्यातले किती कामी आले, एवढंच तिच्यावर कोरलेलं. सातारा जिल्ह्यातल्या एकट्या अपशिंगे गावाचे 46 जवान त्या युद्धात कामी आले. त्यांचा मान राखलाच पाहिजे. पण मागे राहिलेल्या कुणब्यानं जे सोसलं त्याची नोंद कुठेच नाही. 1917 साली हिंदुस्थानच्या नावावर ब्रिटनला 10 कोटी पौंडांची 'देणगी' दिली गेली. रेल्वेचे रूळ आणि डबे मेसोपोटेमियाकडे, गहू दोस्त राष्ट्रांकडे. इकडे रॉकेल, मीठ, कापड महागलं. 1918 ला पावसानं दगा दिला तेव्हा कणग्यांनी आधीच तळ गाठला होता. महाराष्ट्राचं योगदान फक्त शिपायांत मोजणं मला अन्यायाचं वाटतं.

घाटमाथा: अजिबात पटलं नाही. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत कुठलं महायुद्ध चालू होतं? पाऊस पडला नाही, माणसं मेली. उलट शिपायाच्या 11 रुपये पगारातून येणारी मनीऑर्डर माण-खटावच्या कोरडवाहू घरांना तारत होती. भरतीला शाहू महाराजांचा पाठिंबा होता, टिळकांचाही होता. ते दोघं शेतकऱ्याचे वैरी होते का?

माणदेशी: टिळकांचा पाठिंबा बिनशर्त नव्हता. 10 जून 1918 च्या मुंबईतल्या युद्धपरिषदेत त्यांनी स्वराज्याचा विषय काढताच गव्हर्नर विलिंग्डननी त्यांना अडवलं आणि ते उठून निघून गेले. पाऊस सरकारच्या हातात नव्हता, कबूल. सारा तर होता! पीक चार आण्यांच्या, म्हणजे नेहमीच्या पिकाच्या पाव हिश्श्याच्या, खाली गेलं की वसुली तहकूब करायचा नियम होता, तरी त्याच वर्षी गुजरातेतल्या खेडा जिल्ह्याच्या शेतकऱ्यांना त्यासाठी सत्याग्रह करावा लागला. खेडा आपल्याच मुंबई इलाख्यात होतं.

काळीमाती: दोघंही 'शेतकरी' एकच धरून बोलताय. 1917-18 ला कापसाला चढा भाव होता, ज्याच्याकडे विकायला होतं त्यानं कमावलं. मेला तो ज्वारी विकत घेऊन खाणारा अल्पभूधारक आणि शेतमजूर. त्याची मजुरी धान्याच्या भावाबरोबर वाढली नाही.

भीमथडी: आणि ज्यांच्याकडे जमीनच नव्हती ते? महारांची सैन्यभरती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केली होती. माणसं कमी पडली तेव्हा 1917 ला 111 वी महार पलटण उभी केली, 1921 ला मोडून टाकली. गरज सरो, वैद्य मरो. घाटमाथा, तुमची ती मनीऑर्डर या घरांत किती वर्षं आली, ते सांगा.

घाटमाथा: हा मुद्दा रास्त आहे, पलटण मोडणं अन्यायच होता. पण 1918 चा मोठा संहार इन्फ्लुएंझाचा. युद्धात नसलेल्या स्पेनमध्येही माणसं मेली. त्याचं खापर युद्धावर कसं फोडणार?

माणदेशी: लाट जगभर होती, पण ती आली तेव्हा आपली माणसं अर्धपोटी होती. मुंबई इलाख्यात दहा लाखांच्या घरात मृत्यू झाले. जोर होता सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर, म्हणजे ऐन खरिपाची काढणी आणि रब्बीची पेरणी. घरातली सगळी अंथरुणाला खिळलेली, मग पाभर धरायची कुणी? थोडंफार उगवलेलंही शिवारात राहिलं. तहसीलच्या अभिलेख कक्षात गावाचं जुनं कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, उपलब्ध असेल तर त्या दोन-तीन महिन्यांची पानं काढा. मग त्या पाटीवरचा आकडा शेजारी ठेवा आणि सांगा, गावानं युद्धकाळात किती माणसं गमावली.