बरं होताना सगळ्यात आधी काय परत आलं?

डिप्रेशन, पॅनिक, व्यसन, काहीही असो, आजार कसा सुरू झाला ते आपण बोलतो, पण बरं होताना नेमकं काय काय होतं ते फारसं कुणी सांगत नाही, आणि आत्ता जो माणूस अंथरुणातून उठू शकत नाहीये त्याला तेच ऐकायचं असतं असं मला मनापासून वाटतं. म्हणून हा धागा. तुमचं किंवा घरातल्या माणसाचं सगळ्यात आधी काय परत आलं ते लिहा. छोटं असलं तरी चालेल. फक्त गोळ्यांचे डोस लिहू नका, प्रत्येकाचं वेगळं असतं.

मी सुरुवात करते. माझी चव परत आली. डिप्रेशनमध्ये जेवण म्हणजे नुसता चोथा चावल्यासारखं झालं होतं. डॉक्टरांनी आधी थायरॉइड आणि बी-१२ तपासायला लावलं कारण त्यातही असंच गळून जायला होतं, मग गोळी सुरू केली आणि स्पष्ट सांगितलं की फरक पडायला २ ते ४ आठवडे, कधी जास्तही लागतात, सुरुवातीला मळमळेल, तरी थांबायचं नाही. हे आधीच सांगितलं होतं म्हणून मी टिकले. मग एका दुपारी आमटीत आमसूल जास्त पडलंय हे मला कळलं. मी म्हटलं, आई, आंबट झालीय गं. तर ती उठून शेजारच्या काकूंना सांगून आली, हिला आंबट लागलं म्हणून!

---

मी ठाण्याचा. लोकलमध्ये पॅनिक अटॅक यायचे. पहिला आला तेव्हा हार्ट अटॅकच वाटला, घाम, धडधड, हाताला मुंग्या, ईसीजी नॉर्मल, टूडी एको नॉर्मल, टेन्शन घेऊ नका म्हणून घरी पाठवलं. त्यानंतर लोकल सुटली ती सुटलीच, ऑफिसला टॅक्सीने, पगारातला मोठा भाग त्यातच जायचा. मग एका सायकॉलॉजिस्ट मॅडमकडे गेलो, त्यांनी कागदावर रेघ काढून दाखवली की अटॅक साधारण १० मिनिटांत टोकाला जातो आणि मग आपोआप ओसरतो, पण तुम्ही तो ओसरायच्या आधीच गाडीतून उतरता आणि मेंदू समजतो की उतरलो म्हणून वाचलो. मला हे इतकं पटलं की काय सांगू. मग पायरीपायरीने सुरू केलं. दुपारच्या रिकाम्या स्लो गाडीने ठाणे ते मुलुंड, एकच स्टेशन, बायको सोबत. मग भांडुप. मग एकट्याने घाटकोपर. फास्ट शेवटी, कारण तिच्यात मधे उतरताच येत नाही. विक्रोळीच्या आसपास धडधड सुरू झालीच, मी कडी धरून उभा राहिलो आणि म्हटलं येऊ दे, आणि ती आली, चढली आणि कुर्ला यायच्या आत उतरली, मी गाडीतच. माझं काय परत आलं तर डब्यातला ग्रुप. कुठे होतास रे इतके दिवस म्हणत तिघांच्या बाकावर सरकून त्यांनी मला चौथी सीट दिली.

---

आमच्याकडे दारू. मिस्टरांना पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं होतं, डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलेलं. एक गोष्ट कळकळीने सांगते, रोज पिणाऱ्या माणसाची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका, फिट येऊ शकते, भ्रम होतो, जीवावर बेतू शकतं, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. नवऱ्याला काय झालं ते सगळे विचारतात पण बायकोला काय झालंय ते तिथे पहिल्यांदा कुणीतरी विचारलं. ते घरी आल्यावर बरेच दिवस मी चपलांचा आवाज ऐकून अंदाज घ्यायचे, ती सवय हळूहळू गेली. आमच्या घरात परत आल्या त्या मुलीच्या मैत्रिणी. नववीत होती ती, कधीच कुणाला घरी आणायची नाही. एका शनिवारी चौघींना घेऊन आली, मी पोहे टाकले आणि ओट्यापाशी रडून घेतलं.

---

झोप. बाळंतपणानंतरचं डिप्रेशन होतं. पहिल्या दोन आठवड्यांत रडू येणं बहुतेकींना होतं आणि जातं, माझं गेलं नाही, बाळाकडे बघून काहीच वाटायचं नाही. सासूबाईंनीच ओळखलं, म्हणाल्या डिंकाच्या लाडवांनी जाणारं नाहीये हे, चल डॉक्टरकडे. अंगावर पाजताना चालतील अशी औषधं असतात, हे सगळ्याजणींना माहीत असायला हवं. रात्रीचं एक फीड सासूबाईंनी वाटीचमच्याने सांभाळलं, त्यामुळे मला सलग झोप मिळाली आणि बाकी सगळं त्याच्यामागून आलं.

---

दादाला स्किझोफ्रेनिया आहे. गाव सांगलीकडे. आवाज यायचे, लोक विहिरीत विष टाकतायत म्हणायचा, पाणी प्यायचा नाही. बाहेरची बाधा म्हणून भावकीने अंगारेधुपारे, देवऋषी सगळं केलं. शेवटी सिव्हिलला नेलं, तिथे मानसोपचार ओपीडी आहे आणि गोळ्याही मोफत मिळतात. त्याला रोजची गोळी घ्यायला संशय यायचा म्हणून डॉक्टरांनी महिन्याचं इंजेक्शन सुरू केलं. आवाज पूर्ण गेलेले नाहीत पण तो आता सांगतो, आज जरा बडबडतायत. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजारही येतो, त्याचं सर्टिफिकेट काढता येतं, सिव्हिलमध्येच विचारा.

काय परत आलं? मी माहेरी गेले होते, तो ओसरीवर बसलेला, मान खाली. मी चप्पल काढतेय तोवर म्हणाला, जेवलीस का? कित्येक वर्षांत त्याने मला काही विचारलंच नव्हतं. मी जेवून गेले होते तरी नाही म्हटलं, आणि तो आत जाऊन ताट घेऊन आला.

---

एमपीएससी करत होतो पुण्यात. दुसऱ्यांदा मेन्स गेल्यावर जगायलाच नको वाटायला लागलं, अभ्यासिकेत नुसतं पुस्तक उघडून बसायचो. रूममेटने ओळखलं, सरळ विचारलं, जीव द्यायचा विचार येतोय का रे? असं विचारल्याने विचार डोक्यात येतो हा गैरसमज आहे, मला तर सुटल्यासारखं झालं. त्यानेच टेलि-मानस हेल्पलाइनला फोन लावून दिला, १४४१६, सरकारी आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलतात, २०२२ पासून सुरू आहे. मला भूक परत आली. मेसमध्ये चौथी पोळी मागितली तेव्हा रूममेट नुसता बघत राहिला. परीक्षा अजून देतोय, औषध पण चालू आहे.

---

सगळ्यांचं वाचतेय, एकेक दोनदा वाचतेय. एका ताईंनी मेसेजमध्ये विचारलंय की आता अगदी छान वाटतंय तर गोळ्या बंद करू का. ताई, स्वतःहून नको. एकदम थांबवल्या की चक्कर येते, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं आणि आजारही उलटू शकतो. पहिल्यांदाच डिप्रेशन आलं असेल तर बरं वाटल्यावरही डॉक्टर साधारण ६ ते १२ महिने औषध चालू ठेवतात आणि मग थोडं थोडं कमी करत नेतात. पुढच्या अपॉइंटमेंटला हाच प्रश्न चिठ्ठीवर लिहून न्या, तिथे गेल्यावर आठवत नाही. आणि तुमचं काय परत आलं तेही लिहा ना इथे.