रोज काही नवं सुचावं म्हणून काय बघावं, ऐकावं? (बजेट ३०००)

आगळवाली
नमस्कार. राजापूर तालुक्यात राहते. घरचं आगळ (कोकमाचा खारट रस), आंबापोळी, कुळथाचं पीठ विकते. लेबलं मीच मोबाईलवर करते. तीन वर्षांत सगळी एकसारखी दिसायला लागलीत: लाल फळ, हिरवं पान, संपलं. चांगली चित्रं, फोटो, डिझाईन, गाणी यांतलं रोज थोडं डोळ्याकानांवरून जावं असं वाटतं. सासूबाई अंथरुणावर आहेत, त्यामुळे मुंबई जमणार नाही. ३००० रुपये बाजूला काढलेत. कशावर घालू?

चाकरमानी_परळ
कॅमेरा घ्या. मी ५५ हजारांचा घेतला, बघायची नजरच बदलली. आणि एकदा मुंबईला याच. जहांगीर आर्ट गॅलरीला तिकीट नाही, तिथून चालत एनजीएमए, म्हणजे नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट.

देवगडचा_बाब्या
कॅमेरा नको ताई! पहिल्याच पावसाळ्यात माझ्या लेन्सच्या आत बुरशी धरली, कोळिष्टकासारखी. चार हजार देऊन साफ केली, महिन्याभरात पुन्हा तेच. घ्यायचाच तर हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की बदला.

चाकरमानी_परळ
डब्यात तांदूळ घातले तरी चालतं.

देवगडचा_बाब्या
नाही चालत. तांदळाची पूड आत जाते. माझ्या भावाचा कॅमेरा तसाच गेला.

कुडाळचो_झील
गो बाय, पिंगुळीक ये. ठाकर आदिवाशांची चित्रकथी बघ. कागदावरची चित्रां एकेक करून दाखवत कथा गाऊन सांगतत. परशुराम गंगावण्यांका २०२१ साली पद्मश्री मिळाली, त्येंचा म्युझियम थयच आसा. कुडाळ टेशनार उतरान रिक्षा कर.

वाडीकरीण
मग सावंतवाडीही करा. राजवाड्यात गंजिफा (खेळायचे पत्ते) रंगवताना बघायला मिळतो. दशावतारी संचात १२० गोल पत्ते, दहा अवतारांचे बारा-बारा. एवढ्याशा गोलात मासा, कासव, वराह कसे बसवलेत ते लेबल करणाऱ्याने बघायलाच हवं. मी संच घेतला. तुमच्या बजेटबाहेर जाईल, पण घ्याच.

कातळवाट
सगळे तिला लांब पाठवताय. तिच्याच तालुक्यात कशेळी आहे! सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, कोरलेला हत्ती, साधारण १८ बाय १३ मीटर, आणि त्याच्या पोटात इतर प्राणी. भरदुपारी जाऊ नका, काही दिसत नाही. उन्हं कलली की खोदलेल्या रेषेत सावली भरते आणि हत्ती उठून येतो. खर्च पेट्रोलचा.

चाकरमानी_परळ
त्याच हत्तीसाठी कॅमेरा लागतो.

नागावकर
प्रभाकर बरवे यांची चित्रं शोधून बघा, मोबाईलवर मिळतील. जन्म आमच्या नागावचा, १९३६. घड्याळ, पान, सेफ्टी पिन अशा रोजच्या वस्तू मोकळ्या जागेत ठेवायचे. लेबलवर जागा मोकळी सोडायला मी त्यांच्याकडून शिकलो. ते वह्या लिहायचे, तुम्हीही एक ठेवा. चाळीस रुपयांची पुरे.

कुडाळचो_झील
आणि गाण्याचा कोणीच बोलूक नाय! डबलबारी ऐक, दोन बुवांचो भजनाचो सामनो. रात्रभर पखवाज.

वाडीकरीण
गंजिफा नक्की बघा, पुन्हा सांगते.

आगळवाली
सगळ्यांचे आभार. वही घेतली. कशेळीला परवा संध्याकाळी गेले, कातळवाट म्हणतात ते अगदी खरं. सूर्य खाली गेला तशी सोंड दिसली.

पण पैसे दुसरीकडेच गेले. येताना साखरीनाट्याला मासळी घ्यायला थांबले. शाकारून ठेवलेल्या एका होडीवर पेंटरकाका नाव रंगवत होते. ना पट्टी, ना पेन्सिल. 'ल'चा शेवट त्यांनी गळासारखा वळवला आणि ब्रश उचलायच्या आधी किंचित थांबले, म्हणून टोकाला रंगाचा थेंब जाड राहिला. मी अर्धा तास तिथेच उभी. मग विचारलं, माझं 'आगळ' लिहून द्याल? आगळ, आंबापोळी, कुळीथ, तिन्ही नावं जाड कागदावर लिहून दिली. तीन हजार त्यांच्या हातावर ठेवले. ते जास्त होतात म्हणत होते, मी ऐकलं नाही.

आगळाच्या बाटलीवर आता फक्त ते अक्षर आहे. फळ नाही, पान नाही.