श्रद्धा की विश्वास? (आणि पोपची वेधशाळा)

जालनेकर: मंडळी, एका शब्दावर अडलोय. माझं डीटीपीचं दुकान आहे, इथल्या ख्रिस्ती मंडळीचं मासिक माझ्याकडंच लागतं. या अंकात बातमी आहे: व्हॅटिकनच्या वेधशाळेचे नवे संचालक फादर रिचर्ड डिसोझा, जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाच्या गोवा प्रांतातले, १९ सप्टेंबर २०२५ पासून. मी मथळा लावला ‘श्रद्धा आणि विज्ञान’. प्रूफ बघणाऱ्या काकूंनी लाल पेनानं श्रद्धा खोडून ‘विश्वास’ केलं. मला ‘विश्वास आणि विज्ञान’ पतसंस्थेच्या बोर्डासारखं वाटतंय. काय ठेवू? उद्या छपाईला द्यायचंय.

बेथेलची नात: काकूंचंच बरोबर. मराठी बायबलात विश्वासच आहे. इब्री लोकांस पत्र, अकरावा अध्याय काढून बघा, दर दोन ओळींना ‘विश्वासाने’. आमची आजी सोयरिकीच्या वेळी पहिलं विचारायची, “पोरगा विश्वासात आहे का?” विश्वासू वेगळा, विश्वासी वेगळा. गडी विश्वासू असला की झालं, जावई विश्वासी लागतो.

शब्दवेडा: वापर काही असो, मुळाशी जा. श्रद्धा म्हणजे श्रत् + धा. लॅटिन ‘क्रेडो’ तिची सख्खी बहीण, आपलं ‘क्रेडिट’ त्याच घरातलं. विश्वासात नुसता श्वास आहे, वि + श्वस्, निर्धास्त श्वास घेणे. म्हणजे चर्चला श्रद्धाच जवळची.

बेथेलची नात: असेल बहीण. आजीला लॅटिन येत नव्हतं.

निवृत्त मास्तर, परभणी: वडील निजामाच्या शाळेत उर्दूतून शिकले. तिथं ‘ईमान’ म्हणजे श्रद्धा. घरी मात्र ‘इमानानं सांग’ म्हणजे खोटं बोलू नको, एवढंच. शब्द उंबरठा ओलांडला की बदलतो. हिंदीवाले अंधविश्वास म्हणतात, आपण अंधश्रद्धा. आणि आमच्या गावात विश्वास फक्त सरपंचावर, तोही ठराव येईपर्यंत.

औंढेकर: ते राहू द्या हो, मला ‘वेधशाळा’ खटकायलीय. आमच्याकडं वेधशाळा म्हणजे पाऊस सांगणारी. सोयाबीन पाण्यात उभंय. बातमी वाचून दाखवली तर बाप म्हणतो, “पोपची तरी खरं सांगती का?” इथं औंढ्याजवळ लायगो होतंय, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, गुरुत्वीय लहरी पकडायला. त्याला काय म्हणायचं मग?

शब्दवेडा: वेधशाळाच! व्यध् म्हणजे भेदणे, त्यावरून वेध. पाऊस चिकटला तो कुलाब्यामुळं. १८२६ ची ती वेधशाळा मुळात ताऱ्यांसाठी आणि वेळ लावण्यासाठी, हवामानाच्या नोंदी नंतर आल्या. फारच अडत असेल तर ‘खगोल निरीक्षणालय’ करा.

बीडची सून: निरीक्षणालय ऐकून पोरांचं निरीक्षणगृह आठवलं. आणि ग्रहणाचे वेध विसरलात का? ७ सप्टेंबरच्या खग्रासला सासूबाईंनी दुपारीच जेवणं उरकली, पाण्याच्या हंड्यात तुळशीचं पान टाकलं. रात्री मी न् धाकटी गच्चीवर, दुर्बीण घेऊन. वेध पाळणारी खाली, वेध घेणारी वर. सकाळी हंडा मलाच घासावा लागला.

निवृत्त मास्तर, परभणी: या डिसोझांचा २०१८ चा एक शोधनिबंध आहे. देवयानी दीर्घिकेनं (दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचा अफाट समूह) सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी एक मोठी दीर्घिका गिळली, शेजारची एम-३२ हा तिचाच उरलेला गाभा असावा, असं त्यात मांडलंय. कुणी पाहिलं नाही, पण मला पटतं. माझी ही श्रद्धा की विश्वास?

शब्दवेडा: अनुमान. ताऱ्यांचा पुरावा आहे त्याला. उगीच कालवाकालव नको.

औंढेकर: दीर्घिका म्हणजे संस्कृतात लांबट तळं ना? मग चारठाण्याची बारव पण दीर्घिकाच.

शब्दवेडा: बारवेला वापी म्हणतात.

निवृत्त मास्तर, परभणी: चारठाण्यात कुणी वापी म्हणून दाखवावं, मी चहा पाजतो.

जालनेकर: अंक छापून गेला. ‘विश्वास’च ठेवलं, अंक त्यांचा आहे. वेधशाळा तशीच ठेवली. गडबडीत मथळ्यात ‘विज्ञान’चं ‘विज्ञापन’ झालंय, काकूंचा फोन अजून आला नाही.

बीडची सून: बारव ती की तो? माहेरी ती म्हणतात.