'स्टेज स्टेशन'ला मराठीत काय म्हणावं?

पायवाट:
टेक्सासच्या ग्वादालुपे डोंगरातल्या 'पायनरी' ठाण्यावरचा एक लेख मराठीत आणतोय. बटरफील्ड कंपनीने १८५८ मध्ये सेंट लुइस ते सॅन फ्रान्सिस्को टपालगाड्या सुरू केल्या, त्या वाटेवरचं हे ठाणं, समुद्रसपाटीपासून साडेपाच हजार फुटांवर. शीर्षकात 'फ्रंटियर'ला 'सरहद्द' म्हटलंय. 'स्टेज स्टेशन'साठी आधी 'धर्मशाळा' लिहिलं, मग 'सराई'. एकही पटत नाही.

जुनाबाजार:
दोन्ही खोडा. धर्मशाळेत, सराईत माणूस पथारी पसरतो. बटरफील्डच्या गाड्या रात्रंदिवस पळत. वाट सुमारे २,८०० मैलांची आणि करारातली मुदत २५ दिवसांची! प्रवासी झोपायचा तो गाडीतच, धक्के खात. ठाण्यावर विसावा मिळायचा तो जनावरांना. दमलेली खेचरं सोडली, ताजी जुंपली, की निघाले. काही ठाण्यांवर जेवण मिळे, इतकंच. पश्चिमेकडे निघालेल्या पहिल्या गाडीत न्यूयॉर्क हेरल्डचा बातमीदार वॉटरमन ऑर्म्सबी होता. पायनरीत हरणाच्या मांसाचा पाय आणि बीन्स खाल्ल्याचं त्याने लिहिलंय. (हा 'पाय' म्हणजे इंग्रजी 'pie', सारण भरून भट्टीत भाजलेला, तंगडी नव्हे. सांभाळा.)

लालडबा:
'स्टेज' म्हणजे इथे रंगमंच नाही. एकदा जुंपलेली जनावरं ओढतील तेवढं अंतर, म्हणजे टप्पा. आपल्याकडे तो शब्द कधीचाच मुरलाय. आरटीओच्या कागदांत 'स्टेज कॅरेज'ला 'टप्पा वाहतूक' म्हणतात, एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर ठरतं. गाडीला बिनधास्त 'टप्प्याची गाडी' म्हणा.

पायवाट:
गाडीचं जमलं. ठाण्याचं काय? नुसतं 'टप्पा' म्हटलं तर अंतर की जागा, कळत नाही.

जुनाबाजार:
'डाकचौकी'. आज डाक म्हणजे टपाल, पण मुळात डाक म्हणजे वाटेवर ठरावीक अंतरांनी उभी केलेली माणसाघोड्यांची साखळी. 'डाक बसवणे' ते हेच. बटरफील्डने करार झाल्यावर वर्षभरात विहिरी खणल्या, ठाणी बांधली, जनावरं पोचवली. म्हणजे डाकच बसवली की!

कुरुंद:
चौकी म्हटलं की मला पोलीस दिसतो.

जुनाबाजार:
दिसू दे. पायनरीच्या भिंती ३० इंच जाड होत्या आणि मुलूख मेस्कालेरो अपाचींचा, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचा. पोलिसाचा जरासा वास आला तर काही बिघडत नाही. मला खटकतंय ते तुमच्या शीर्षकातलं 'सरहद्द'. सरहद्दीला पलीकडे दुसरं राज्य लागतं. इथे पलीकडेही अपाचींची घरंच होती आणि अलीकडेही. मी 'वसाहतीची कड' लिहीन.

पायवाट:
घेतलं. आता एकच राहिलं. ही चौकी जेमतेम अकरा महिने चालली. १८५९ च्या ऑगस्टमध्ये वाट दक्षिणेला, फोर्ट डेव्हिसवरून वळवली. तिकडे लष्कराच्या छावण्या होत्या. तर चौकी 'ओस पडली' लिहू?

कुरुंद:
नको. टपाल गेल्यावरही सैनिक, मालगाड्यांवाले, गुरं हाकणारे त्याच भिंतींच्या आडोशाला उतरत होते. ओस कसली?

लालडबा:
मग बसवलेली डाक उठते. 'डाक उठली' लिहा.