केस मेकरवर कापड दोन-दोन उचललं जातंय, वर सरस पण फुटून बाहेर येतोय, काय करावं?

पुठ्ठेवाला
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीय. आमच्याकडे ऑटोमॅटिक केस मेकर आहे, म्हणजे पुस्तकाचं कडक पुठ्ठ्याचं कव्हर (केस) बनवणारं मशीन, आत्तापर्यंत त्यावर छापील लॅमिनेटेड कागदाचीच कव्हरं चालवली आणि कागद एकदा सेट झाला की मशीनकडे बघावं लागत नाही. आता एका कामाला पूर्ण कापडी केस हव्यात, साधं सुती कापड, मागे कागद नसलेलं, आणि मशीनने नुसता छळ मांडलाय. एक म्हणजे सक्शन दोन-दोन कापडं उचलतंय, डबल शीटचा सेन्सर मशीन थांबवतो, काढा, चालू करा, परत तेच. व्हॅक्युम वाढवला तर डबल उलट जास्तच यायला लागले, हे काही डोक्यात शिरेना. दुसरं, मधूनच एखाद्या केसवर सरस कापडातून वर येतो, गडद रंगावर तो चकचकीत डाग लांबून दिसतो. आणि तिसरं, केस सुकली की पुठ्ठा वाकतो. ऑपरेटर म्हणतो कापडाला वेगळा फीडरच (एकेक ताव उचलून मशीनला देणारा भाग) लागतो, मालक म्हणतात हाताने भरायचं छोटं ग्लूइंग मशीन घेऊन टाकू. कामं बहुतेक पाचशे-सातशे केसचीच असतात. तुम्ही लोक काय करता?

थप्पी
व्हॅक्युम वाढवल्यावर डबल वाढले ना, मग उत्तर तिथंच आहे बघा. लॅमिनेट केलेल्या कागदातून हवा आरपार जात नाही, सक्शनचा कप चिकटला की वरचा एकच ताव उठतो. सुती कापडाच्या विणीत भोकंच भोकं, त्यामुळे ओढ वरच्या कापडातून थेट खालच्यापर्यंत पोचते, जेवढा जोर लावाल तेवढं खालचंही धरलं जाणार. आधी व्हॅक्युम उतरवा, वरचं कापड जेमतेम उठेल इतकाच ठेवा, आणि तेवढ्याने उठत नसेल तर जोर वाढवू नका, मोठ्या तोंडाचे मऊ रबरी कप लावा. कप पुढच्या कडेच्या जवळ असूदेत, मध्ये धरलं तर कापड झोळीसारखं लोंबतं आणि ग्रिपरमध्ये, म्हणजे पकडून पुढे नेणाऱ्या चिमट्यात, तिरकं जातं.

फुंकर मारणाऱ्या हवेचा भरवसा कमी धरा, कागदात ती दोन तावांच्या मधे शिरते, कापडात विणीतून निघून जाते. त्यापेक्षा थप्पीच्या कडेला ब्रश किंवा पातळ स्प्रिंगच्या पट्ट्या अशा लावा की वरचं कापड उठताना खालचं घासून मागे राहील.

आता खरा चोर सांगतो, कडेचे धागे. गिलोटिनचं, म्हणजे थप्पी कापायच्या मशीनचं, पातं बोथट असलं की कापड नीट कापलं जात नाही, चिरडतं, धागे सुटतात आणि वरच्या खालच्या कडा एकमेकांत गुंततात. मग सक्शन कितीही बरोबर असूदे, दोन्ही जोडीनेच येणार. पात्याला धार लावून घ्या, एका वेळी कमी थर कापा, आणि फीडरवर चढवायच्या आधी चारही बाजू हाताने मोकळ्या करा. थप्पी पण कमी उंचीची ठेवा, स्वतःच्या वजनाने दबून खालची कापडं चिकटून बसतात. रोलवरून कापलेलं असेल तर त्याचा वाक जात नाही लवकर, वजनाखाली सपाट ठेवून मग वापरा.

वेगळा फीडर वगैरे काही लागत नाही हो.

सरसकट
थप्पीभाऊंनी फीडरचं सगळं सांगितलंच, मी सरसावर बोलतो. डाग मधूनच येतात म्हणताय म्हणजे सरस कधी पातळ कधी घट्ट होतोय. टाकीचं तापमान किती असतं आणि पाणी कोण घालतं, कसं घालतं?

पुठ्ठेवाला
काटा सत्तरच्या वर असतो, कधी ७५ पण दाखवतो. पाणी ऑपरेटरच घालतो, सरस दाटला असं वाटलं की मग भर घालतो.

सरसकट
झालं की मग. केस मेकरला जो जेली सरस (जनावरांच्या कातडी-हाडांपासूनचा) वापरतात तो ६० अंश सेल्सिअसच्या आसपास चालवायचा, सत्तरच्या वर गेलात की त्यातलं प्रोटीन तुटत जातं, चिकटपणा उतरतो, आणि सरस पातळ पडतो. पातळ सरस म्हणजे तो विणीतून वर यायला मोकळाच. दुसरीकडे गरम उघड्या टाकीतून पाणी सतत उडतं, म्हणून तासाभराने दाटतो, मग ऑपरेटर एकदम पाणी ओततो आणि पुढच्या काही केसवर डाग. तुमचा डागांचा हिशोब पाणी घालण्याच्या वेळेशी जुळवून बघा, मला तरी जुळेल असं वाटतंय.

टाकी दुहेरी भिंतीची हवी, मधे गरम पाणी, म्हणजे तळाला सरस जळत नाही. पाणी थोडं थोडं आणि गरमच घाला. अंदाजावर सोडू नका, साधा हातातला रिफ्रॅक्टोमीटर मिळतो, थेंब ठेवला की घट्टपणा आकड्यात दिसतो, चांगला चालत असताना जो आकडा येतो तोच दिवसभर धरून ठेवायचा. झाकण लावा टाकीला! कितीजण लावत नाहीत.

आणि सरसाचा थर किती जातोय ते बघा. कापडावर सरस देणारा रोलर आणि त्याला पुसणारा रोलर, ह्या दोघांमधली फट तुम्ही कागदाचीच ठेवली असणार. कापड सरस पितं म्हणून फट मोठी करावी असं सगळ्यांना वाटतं, पण आधी घट्टपणा जुळवा, मग फट थोडी थोडी उघडा, पुठ्ठ्याच्या कडेला कापड उचकटलं तर कमी आहे, वर फुटला तर जास्त. रोलरवर फेस दिसला तर पंपात हवा शिरतेय, त्याचे केसवर फुगे उठतात, ते शेवटच्या प्रेस रोलरनेही जात नाहीत.

उभा_धागा
वाकण्याबद्दल कोणी बोललंच नाही म्हणून लिहितेय. ओला सरस लागला की कापड फुगतं, सुकताना आकसतं आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतं, म्हणून नुसती केस बाहेरच्या बाजूला वाकणारच, थोडं वाकणं चालतं. नंतर पुस्तक केसमध्ये बसवताना आतून एंडपेपर (कव्हरच्या आतल्या बाजूला लागणारा कागद) चिकटतो, तो सुकताना उलटीकडे ओढतो आणि बरचसं सरळ होतं. म्हणून रिकामी केस बघून घाबरू नका.

पण जास्तच वाकत असेल तर पुठ्ठ्याचा ग्रेन, म्हणजे आतल्या तंतूंची दिशा, बघा. तो पाठीला समांतर पाहिजे. कापडाचा ताणाही म्हणजे उभे धागे पाठीला समांतर. एंडपेपरचाही तसाच. कटिंगवाला पुठ्ठा वाचवायला आडवा कापतो आणि मग बोल बायंडरला लागतो, हे सगळीकडेच चालतं. केस निघाल्या की पंख्याखाली पसरू नका, थप्पी करून सपाट ठेवा, हळू सुकू द्या.

मुळात सुती कापड हवंच का, विचारून बघा. मागे कागद लावलेलं बायंडिंगचं कापड घेतलं तर सक्शनही नीट धरतं आणि सरसही वर येत नाही, तुमचे पहिले दोन्ही प्रॉब्लेम एका झटक्यात. साडीसारखं कुठलंही कापड आणून केस करा म्हणणारे गिऱ्हाईक असतात, त्यांना हे समजावणं अवघडच!!

हातबांधणी
मालक म्हणतात ते ग्लूइंग मशीन वाईट नाही हां. पाचशे केसला ऑटोमॅटिक सेट करण्यातच अर्धा वेळ जातो. हातभरणीच्या मशीनवर कापड एकेक सोडायचं, खालचा रोलर टाकीतून सरस घेतो, कापड सरसाची बाजू वर करून पट्ट्यावर येतं, मग पुठ्ठे आणि पाठीची पट्टी हाताने ठेवायची, कोपरे कापून कडा दुमडायच्या. डबलचा प्रश्नच नाही. पण पातळ सुती कापड ओलं झालं की लुळं पडतं आणि रोलरलाच गुंडाळलं जातं, त्यासाठी रोलरच्या खाचांत सोडवणाऱ्या बोट्या असतात, त्या झिजल्या की दिवसभर कापड ओढत बसा. घ्याल तेव्हा त्या बोट्या आणि खाचा नीट बघून घ्या, बाकी मशीनमध्ये बघण्यासारखं फार नसतं. मी तर म्हणेन सरस सोडा आणि थंड पीव्हीए (पांढरा गोंद) वापरा, तापवण्याची भानगडच नको.

सरसकट
हाताने ठेवणार असाल तर पीव्हीए ठीक, पुठ्ठा सरकवायला वेळ मिळतो. केस मेकरवर मात्र सरस थंड होता होता लगेच धरतो म्हणून दुमडलेली कड उघडत नाही, त्या वेगाला साधा पीव्हीए मागे पडतो. शिवाय सरस रोलरवर सुकला तरी गरम पाण्याने निघतो, पीव्हीए सुकला की खरवडत बसा.

पुठ्ठेवाला
सगळ्यांचे आभार. आज तापमान ६० ला आणलं, झाकण लावलं, व्हॅक्युम कमी केला, डबल बरेच कमी झालेत, पूर्ण गेले नाहीत. पातं उद्या धारेला जातंय. गिऱ्हाईक कागद लावलेलं कापड बघायला तयार झालंय, नमुना मागवू का एक ताव?

थप्पी
एका तावाने काही कळणार नाही, कपाला एकटा ताव नेहमीच नीट मिळतो. निदान शंभरेक तरी मागवा, त्याच मापात कापा, आणि ज्या स्पीडला काम काढणार त्याच स्पीडला चालवा. हळू चालवलं की सगळीच कापडं गुणी वाटतात.