सोसायटीत उरलेलं अन्न वाटावं का?

ताकभात (ठाणे)
आमच्या सोसायटीत गणपतीनंतर एक ग्रुप निघाला. घरात काही जास्तीचं झालं की फोटो टाकायचा, ज्याला हवं त्याने डबा घेऊन दारात यायचं. या आठवड्यात काय काय आलं: अर्धा लाल भोपळा, गावाला निघालेल्या घरातलं दूध आणि कोथिंबिरीची जुडी, सत्यनारायणाचा शिरा, पुरणाचा मोठा गोळा. पुरण तर फोटो पडल्या पडल्या गेलं. आता कमिटीतले एक काका म्हणताहेत, "हे शिळंपाकं वाटणं बंद करा, उद्या कुणाला जुलाब लागले तर सोसायटीच्या गळ्यात येईल."

माझं मत: बंद तर करूच नये, उलट बाकीच्या विंगांनाही घ्यावं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा 2024 चा अहवाल म्हणतो, 2022 साली जगात 105 कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं 60 टक्के घराघरांतून. भारतासाठी अंदाज माणशी वर्षाला 55 किलो. म्हणजे चौघांच्या घरात दोन क्विंटलच्या वर! आणि आपण लग्नाच्या हॉलांना नावं ठेवत बसतो.

पुणेरी_पाटी
आकडा देताना त्यात काय मोजलंय तेही सांगा. त्या अहवालात अन्नासोबतचा न खाण्याजोगा भागही धरलाय. साली, हाडं, आंब्याच्या कोयी, सगळं. तुमची केळ्याची सालं न्यायला कोण शेजारी डबा घेऊन येणार आहे?

आणि मुळात उरतंच का? आमच्याकडे पोळ्या विचारून लाटतात. तरी उरली तर सकाळी फोडणीची पोळी. (ती खायला मिळावी म्हणून दोन पोळ्या मुद्दाम जास्त होतात, तो भाग वेगळा.) ग्रुप आहे म्हटल्यावर लोक बिनधास्त जास्त करतील. शेजारी आहेतच की!

सांजवात
विचारून लाटल्या तरी ऐन वेळी मुलगा "बाहेर खाऊन आलो" म्हणतो, त्याचं काय करायचं ते सांगा आधी.

भिंगाखाली
सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, म्हणून जरा लांबण लावते. काकांची भीती अगदीच खोटी नाही, पण ती सरसकट सगळ्यावर लावण्यात अर्थ नाही. भोपळा, कोथिंबीर, न फोडलेली दुधाची पिशवी खुशाल द्या. दूध मात्र फ्रीजमधून थेट फ्रीजमध्ये जाऊ दे.

खरा भामटा आहे भात. तांदळात बॅसिलस सेरेयस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. ते कुकरमधून वाचू शकतात. भात तसाच ओट्यावर राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. त्यातलं उलटी करवणारं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणजे "फोडणी दिली की झालं" हे इथे लागू नाही. वास येत नाही, चवही बदलेलच असं नाही. 5 ते 60 अंशांच्या मधे शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि हवाच 32 च्या वर असेल तर तासभरच. ठाण्यात मे महिन्यात काय असतं ते मी सांगायला नको. भात उरणार असं दिसलं की ताटात पसरून निववा आणि लगेच फ्रीजमध्ये टाका. पण तो आपल्याच घरात खा.

माझा आक्षेप फोटोला आहे. फोटोत पदार्थ सुरेख दिसतो, तो कधी केला आणि किती वेळ बाहेर होता ते दिसत नाही. तेव्हा शिजवलेलं अन्न ग्रुपवर नकोच, असं मी म्हणेन.

ऱ्हाइनकाठ (जर्मनी)
इकडे 2012 पासून फूडशेअरिंग नावाची चळवळ आहे. लोक जास्तीचं अन्न सार्वजनिक फ्रीजमध्ये ठेवतात, कुणीही न्यावं. तुमच्या काकांसारखे काका इथेही आहेत: 2016 मध्ये बर्लिनमध्ये अधिकाऱ्यांनी या फ्रीजना खाद्यव्यवसायाचे नियम लावायला घेतले आणि बराच वाद झाला. चळवळ बंद पडली नाही. आमच्या गल्लीतल्या फ्रीजवर चिकटवलंय: कच्च्या अंड्याचं काही नको, घरी केलेलं असेल तर काय आहे आणि कधी केलं ते डब्यावर लिहा. एक चिठ्ठी लावायला असा कितीसा वेळ लागतो?

पुणेरी_पाटी
जर्मनीतल्या थंडीत ठीक आहे हो.

सांजवात
केरळात थंडी नसते. कोचीत पप्पडवडा नावाच्या उपाहारगृहाने 2016 मध्ये बाहेर असाच फ्रीज ठेवला होता.

अर्धी_भाकरी
सगळे जिवाणूंवर बोलताहेत, म्हणून दुसरं सांगतो. माझी आई घरकाम करायची. रात्रीची भाजी सकाळी तिच्या हातात यायची, दुधाच्या रिकाम्या पिशवीत गाठ मारून. "टाकून देण्यापेक्षा तू ने." वास बघायचं काम तिचं. नको म्हणायची सोय नव्हती, कारण मग दिवाळीला तोंड वेंगाडावं लागायचं तेव्हा "हिला माज आलाय" ऐकावं लागलं असतं. तेव्हा सोसायटीतल्या एकालाही जुलाबांची काळजी वाटली नव्हती.

म्हणून ग्रुपला माझा पाठिंबा आहे. जे शेजारच्या फ्लॅटला द्यायला लाज वाटेल ते कुणालाच द्यायचं नाही, एवढं आपोआप होतं. फक्त एक विचारतो: ताजं ग्रुपवर आणि कालचं बाईंना, असं तर चालू नाही ना?

ताकभात
चालू असणार काही घरांत. आमचे वॉचमनदादा ग्रुपमध्ये आहेत.

अर्धी_भाकरी
ते टाकतात का कधी काही? गावाहून शेवग्याच्या शेंगा येतात त्यांच्याकडे, आळू येतं. त्यांनी टाकलेल्या शेंगा वरच्या मजल्यावरचे न्यायला उतरले, तर मी मानेन.

डोंबिवलीकर
आमच्या ग्रुपवर मी बोंबलाची चटणी टाकली होती. ताजी, दुपारी केलेली. एक डबा नाही आला, उलट तिघांनी खासगीत कळवलं की "इथे प्युअर व्हेज लोकही आहेत". कुणाच्या घरचं घ्यायचं आणि कुणाच्या घरचं नाही हे न बोलता ठरलेलं असतं, त्यावर भिंग धरा जरा.

माजघर
मी जुन्या वाड्यात वाढले. शेजारची वाटी रिकामी परत करायची नाही, हा नियम. लोक आता त्याचे गोडवे गातात, पण आई वैतागायची: त्यांनी अळूवडी पाठवली, आता आपण काय पाठवायचं? महिनाअखेरीला तर फारच. ग्रुपवर ते ओझं नाही, घेतलं आणि संपलं. मला तरी वाटीपेक्षा ग्रुप बरा वाटतो.

ताकभात
@भिंगाखाली, भात बाद, पटलं. शिजवलेलं सगळंच बाद मात्र मान्य नाही. पुरण, शिरा, पोळ्या राहतील, केल्याची वेळ लिहून. वेळ नसेल तर पोस्ट उडवणार. वॉचमनदादांना शेंगांचं विचारतो.

@डोंबिवलीकर, व्हेज-नॉनव्हेज वेगळे ग्रुप करा अशी मागणी आमच्याकडेही आलीय. मी विरोध करणार आहे. नको असेल त्याने घेऊ नये, विषय संपला.

भिंगाखाली
शिऱ्यात केळं असतं. तो त्याच दिवशी संपवा, एवढं तरी लिहाच.

पुणेरी_पाटी
वेगळ्या ग्रुपवर मीटिंगमध्ये मतं घ्या म्हणजे कळेल. आणि पुरण इतकं उरलंच कसं, ते अजून कुणी सांगितलं नाही.