डिफॉल्ट नेमस्पेस: प्रीफिक्स बांधायचा की लोकल-नेमवर भागवायचं?

(एक्सएमएल फाइलमधली माहिती कोडने कशी शोधावी यावरची चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

कोनकंस

युरोपीय मध्यवर्ती बँक कामाच्या दिवशी चलनांचे संदर्भ दर एका छोट्या एक्सएमएल फाइलमध्ये देते. सगळ्यांत बाहेर ‘एन्व्हलप’ आहे, त्याला ‘गेसमेस’ हा प्रीफिक्स, म्हणजे नावाआधी कोलनने जोडलेला उपसर्ग. त्याच्या आत ‘क्यूब’, त्यात तारखेचा ‘क्यूब’ आणि त्यात चलनागणिक एकेक ‘क्यूब’. रुपयाचाही आहे. क्यूबला प्रीफिक्स दिसत नाही म्हणून ‘//क्यूब’ असा एक्सपाथ (फाइलमधला भाग शोधायचा मार्ग) लिहिला जातो आणि हाती शून्य नोड लागतात, म्हणजे एकही भाग सापडत नाही. एरर येत नाही, इशाराही नाही.

कारण साधं आहे. मुळाच्या टॅगवर प्रीफिक्स नसलेला एक्सएमएलएनएस आहे. ही नेमस्पेसची, म्हणजे एका पत्त्याने ओळखल्या जाणाऱ्या नावांच्या संचाची घोषणा. त्यामुळे आतला बिनप्रीफिक्सचा प्रत्येक एलिमेंट (टॅगने बनलेला घटक) त्या नेमस्पेसचा झाला. १९९९च्या एक्सपाथ १.० मध्ये मात्र बिनप्रीफिक्सच्या नावाचा अर्थ ‘कुठल्याच नेमस्पेसमध्ये नसलेलं नाव’ असा ठरलेला आहे. दस्तऐवजाचा डिफॉल्ट एक्सपाथला लागू होत नाही. दिसायला दोन्हीकडे ‘क्यूब’, पण पार्सरच्या (फाइल वाचणाऱ्या प्रोग्रामच्या) लेखी ती दोन वेगळी नावं.

म्हणून माझं मत: आपला प्रीफिक्स आपण बांधावा, म्हणजे कोडमध्ये त्याला नेमस्पेसचा पत्ता जोडावा. ‘ई’ ठेवा, ‘क्ष’ ठेवा, समोरच्याने काय वापरलंय याच्याशी घेणंदेणं नाही. पत्ता अक्षरशः जुळला की झालं. मग ‘//ई:क्यूब[@करन्सी='आयएनआर']/@रेट’. इथे ‘रेट’सारख्या अॅट्रिब्यूटला (टॅगच्या आत लिहिलेल्या गुणधर्माला) ‘ई:’ लावू नका. डिफॉल्ट नेमस्पेस अॅट्रिब्यूटला लागू होत नाही, त्यामुळे ‘@ई:रेट’ला पुन्हा शून्यच मिळेल.

वाटाड्या

एवढ्या खटाटोपाची गरज पटत नाही. ‘//*[लोकल-नेम()='क्यूब'][@करन्सी='आयएनआर']’ लिहा, कुठलाही पत्ता न बांधता चालतं. लोकल-नेम म्हणजे प्रीफिक्स सोडून उरलेलं नाव. पायथनच्या एलिमेंटट्री लायब्ररीत ३.८ पासून महिरपी कंसात तारा (*) टाकून पुढे नाव लिहिलं की कुठल्याही नेमस्पेसमधला तो एलिमेंट मिळतो.

खरी सोय दिसते ती बँकांच्या खातेउताऱ्यांत. आयएसओ २००२२ या बँकसंदेशांच्या प्रमाणातला कॅम्ट.०५३ हा उताऱ्याचा संदेश एका बँकेकडून ००१.०२ आवृत्तीत येतो, दुसरीकडून ००१.०८ मध्ये. आवृत्तीचा आकडा नेमस्पेसच्या शेवटीच असतो, म्हणजे दोन आवृत्त्या म्हणजे दोन नेमस्पेस. प्रीफिक्स एकाला बांधला की दुसऱ्याचा उतारा रिकामा. शेवटचे दोन अंक बदलले म्हणून चाळीस एक्सपाथ दुसऱ्यांदा कुणी लिहायचे?

कोनकंस

उदाहरण तुम्हीच चांगलं दिलंत, कारण तिथे फक्त अंक बदललेले नाहीत. ०२ मध्ये नोंदीची स्थिती ‘एसटीएस’च्या आत थेट मजकूर म्हणून असते: ‘बुक’, म्हणजे खात्यात नोंदलेली. ०८ मध्ये ‘एसटीएस’च्या आत ‘सीडी’ आणि त्यात ‘बुक’. ज्या लायब्ररीत तुम्ही फक्त त्या एलिमेंटचा स्वतःचा मजकूर मागता, तिथे ०८ वर काहीच नाही किंवा नुसती मोकळी जागा मिळेल. पैसे देणाऱ्याचं नाव ०२ मध्ये ‘डीबीटीआर/एनएम’, ०८ मध्ये ‘डीबीटीआर/पीटीवाय/एनएम’. बँकेचा कोड ‘बीआयसी’ होता, तो ‘बीआयसीएफआय’ झाला.

लोकल-नेमवाल्या कोडला यातलं काहीच कळत नाही. नोंदींची संख्या बरोबर, रक्कम बरोबर, फक्त नाव रिकामं. ही चूक सगळ्यांत वाईट, कारण ती हिशेब जुळवायच्या वेळीच उघडी पडते. नेमस्पेस म्हणजे ‘मी या रचनेचा दस्तऐवज आहे’ हे समोरच्याने लिहून दिलेलं असतं. ते न वाचताच पुढे का जायचं?

वाटाड्या

‘डीबीटीआर//एनएम’ असं दुहेरी रेघांनी लिहिलं की दोन्ही आवृत्त्यांत नाव सापडतं.

कोनकंस

सापडतं, पण कोणाचं? ‘डीबीटीआर’च्या खाली संपर्काच्या तपशिलातही एक ‘एनएम’ असू शकतो, आणि पक्षाचं स्वतःचं नाव ऐच्छिक आहे. ते नसेल तर संपर्क-व्यक्तीचं नाव खातेदार म्हणून नोंदवलं जाईल. पॉडकास्टच्या आरएसएस फीडमध्येही (भागांची यादी देणाऱ्या एक्सएमएल फाइलमध्ये) हेच होतं: ‘लिंक’ आणि ‘अॅटम:लिंक’, दोघांचं लोकल-नेम एकच. पहिल्याचा पत्ता मजकुरात असतो, दुसऱ्याचा ‘एचरेफ’ अॅट्रिब्यूटमध्ये. पहिला सापडला तो घेतला, तर बऱ्याचदा रिकामी ओळ मिळते.

चाळणी

दोघांच्याही पलीकडचा उपाय: पार्स करण्याआधी रेजेक्सने (मजकुरातला नमुना शोधणाऱ्या सूत्राने) एक्सएमएलएनएसच्या घोषणाच काढून टाका. मग साधे एक्सपाथ चालतात.

मूळप्रत

हे कृपया करू नका. प्रीफिक्सच्या घोषणा काढल्या आणि ‘गेसमेस:एन्व्हलप’ तसाच राहिला, तर नेमस्पेस जाणणारा पार्सर ‘न बांधलेला प्रीफिक्स’ म्हणून थांबतो. फक्त डिफॉल्ट घोषणा काढायची म्हटली तरी अवतरणचिन्हांपासून अडचण सुरू होते: दुहेरीसाठी लिहिलेल्या रेजेक्सला एकेरी दिसत नाहीत, आणि एक्सएमएलला दोन्ही मान्य. ‘एक्सएसआय:टाइप’ या एलिमेंटचा प्रकार सांगणाऱ्या अॅट्रिब्यूटच्या किमतीत ‘एक्सएस:डेट’सारखं नाव असतं, त्यातला प्रीफिक्सही घोषणेवरच अवलंबून. डिजिटल सही केलेल्या संदेशात तर घोषणा काढली की सही अवैध होऊ शकते. काढायच्याच असतील तर सही मूळ बाइट्सवर तपासून घ्या आणि मग पार्स झालेल्या झाडावर काय ते करा.

प्रीफिक्स बांधतानाही प्रत्येक भाषेत एक खड्डा आहे. जावात डॉक्युमेंटबिल्डरफॅक्टरी मुळात नेमस्पेस जाणतच नाही. सेटनेमस्पेसअवेअरला ‘ट्रू’ द्यावं लागतं, नाहीतर गेटलोकलनेम ‘नल’ देतं. जावा १३ पासून न्यूडिफॉल्टएनएसइन्स्टन्स आहे, ते वापरा. डॉटनेटमध्ये नेमस्पेस मॅनेजरला रिकामा प्रीफिक्स देऊन सिलेक्टनोड्सला उपयोग नाही, खरं अक्षर लागतं. पायथनच्या एलएक्सएमएल लायब्ररीचं एक्सपाथ रिकामा प्रीफिक्स नाकारतं आणि निदान तसं स्पष्ट सांगतं. पीएचपीच्या सिंपलएक्सएमएलमध्ये रजिस्टरएक्सपाथनेमस्पेस त्याच ऑब्जेक्टपुरतं टिकतं. लूपमध्ये मिळालेल्या प्रत्येक मुलावर ते पुन्हा बोलवावं लागतं. एक्सएसएलटी २.० (एक्सएमएलचं रूपांतर करायची भाषा) असेल तर एक्सपाथ-डिफॉल्ट-नेमस्पेस हा अॅट्रिब्यूट देऊन हा प्रश्न मुळातच मिटतो.

वाटाड्या

आवृत्तीचा मुद्दा मान्य. तरी तुमची पद्धत जिथे स्वतःच अडकते ती जागा सांगतो. सोप या वेबसेवांच्या एक्सएमएल संदेशांत कधी कधी उत्तराच्या बॉडीतला पहिला एलिमेंट डिफॉल्ट नेमस्पेसमध्ये असतो आणि त्याच्या मुलांवर रिकामा एक्सएमएलएनएस. म्हणजे मुलं कुठल्याच नेमस्पेसमध्ये नाहीत. ‘सगळ्यांना ई: लावा’ हा नियम पाळला तर तिथे शून्य. लोकल-नेम तिथेही चालतं.

मूळप्रत

बरोबर, आणि ते सेवेच्या चुकीने होत नाही. स्कीमात (दस्तऐवजाची रचना ठरवणाऱ्या फाइलमध्ये) एलिमेंटफॉर्मडिफॉल्ट लिहिलं नसेल तर ते ‘अनक्वालिफाइड’ धरलं जातं: वरचा एलिमेंट टार्गेट नेमस्पेसमध्ये, आतले स्थानिक एलिमेंट नेमस्पेसबाहेर. तिथे ‘ई:रिस्पॉन्स/रिझल्ट’ असा मिश्र मार्ग लिहायचा. डब्ल्यूएसडीएल (सेवेचं वर्णन देणारी फाइल) उघडून तो एक अॅट्रिब्यूट पाहायला अर्धं मिनिट लागतं.

कोनकंस

वाटाड्या, तुमच्या चाळीस एक्सपाथचं एवढंच करा. मुळाचा नेमस्पेस आधी वाचा. ०२ आणि ०८ यांची एक यादी ठेवा, प्रत्येकीसमोर वेगळे असलेले तीन-चार मार्ग. बाकीचे एक्सपाथ दोघांना सामायिक: प्रीफिक्स तोच ‘क’, फक्त त्याला बांधायचा पत्ता मुळावरून घ्यायचा. यादीत नसलेला पत्ता आला, समजा ००१.१०, तर तो पत्ता एररमध्ये छापून थांबायचं. त्या तीन-चार मार्गांशिवाय एकही एक्सपाथ दुसऱ्यांदा लिहावा लागत नाही.

वाटाड्या

पत्ता मुळावरून घेऊन बांधणं मला चालेल. दरांच्या फाइलला मात्र मी लोकल-नेमच ठेवणार: सगळे क्यूब एकाच नेमस्पेसमधले, गोंधळायला दुसरं नाव नाही. नोड बरोबर एक आला नाही तर कोड थांबेल, एवढी अट घालतो.